रिकाम्या टेकडीचा बंदोबस्त

लग्न होऊन मी चिपळूणकडच्या खेड्यातून मुलुंडला आले, तेव्हा पोलीस म्हणजे वर्षाकाठी एखाद्या वेळी गावात येणारा आणि पोलीसपाटलाच्या ओटीवर बसून चहा पिणारा माणूस, एवढंच मला ठाऊक होतं. अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे काय, हे पोलीस लाइनीतल्या आमच्या खोलीत कळलं. एक खोली, कोपऱ्यात मोरी, संडास बाहेर, आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला गणवेश. गणवेश खिळ्याला असला की नवरा घरात, नसला की ड्युटीवर. कधी येणार हे विचारायचं नाही, असं सासूबाईंनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं आणि त्या गावाला निघून गेल्या.

ड्युटी म्हणायला आठ तासांची. पण गणपती आले, मोर्चा निघाला, कोणी मंत्री उपनगरात फिरकला, की ती बारा-चौदा तासांवर जायची. लाइनीतल्या बायका त्याला "लांबली" म्हणायच्या. "आज आमच्यांची लांबली गं," एवढंच. जादा तासांचे पैसे हा विषय हळू आवाजात निघायचा. थोड्याच वर्षांपूर्वी पगारावरून आणि कामाच्या तासांवरून मुंबईतल्या पोलिसांत मोठा असंतोष उसळला होता आणि कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. आमच्याच चाळीतली एक खोली त्यानंतर रिकामी झाली होती. त्यामुळे कोणी "जास्त काम करतो, त्याचं काय?" असं विचारलं की दुसरा लगेच पावसापाण्याचं बोलायला लागायचा.

शेजारच्या खोलीत कुडाळकडचे एक हवालदार राहायचे. बायको गावी, मुलं गावी, हे एकटे. लाइनीत त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी मामा दारात उभे राहून मला म्हणाले, "वैनी, तुमच्या घोवाची लॉटरी लागली. जादा तासांचे पैसे गावतले ह्या टायमाक."

ह्यांना जादा तासांचे पैसे मिळणार एवढं कळलं, पण कसे ते समजेना. मग त्यांनी सावकाश सांगितलं. पोलिसांचा पगार सरकार देतं. पण महापालिकेला स्वतःच्या कामासाठी पोलीस लागले, तर त्यांनी ते मागून घ्यायचे आणि त्या बंदोबस्ताचा खर्च भरायचा. त्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असते. मुलुंड पश्चिमेला जंगलाच्या हद्दीकडे चढत जाणारी एक टेकडी होती. तिथे पाण्याची टाकी बांधायची म्हणून महापालिका तिथली झोपडवस्ती हटवणार होती. वस्ती हटली तरी माणसं परत येतात, असा अनुभव. म्हणून नंतरही काही महिने तिथे पहारा ठेवायचा होता. दिवसा एक शिपाई, रात्री एक. दिवसाच्या पहाऱ्यावर आमचे हे. सकाळची नेहमीची ड्युटी चौकीत करायची, आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत टेकडीवर बसायचं.

"नुसतं बसायचं?" मी विचारलं.

"बसूक पण दम लागता," मामा म्हणाले.

वस्ती हटवली त्या दिवशीही हे बंदोबस्तात होते. घरी आले ते डोक्यापासून पायांपर्यंत लाल धुळीने भरलेले. मी पाणी काढून दिलं. अंघोळ झाली, जेवण झालं, आणि मग एकाएकी मला म्हणाले, "माणसं घराबाहेर कशी पडतात माहितीय? मागे वळून कडी लावतात. भिंत पडायची आहे हे समोर दिसत असतं, तरी कडी लावतात." पुढे त्या दिवसाबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून पहारा सुरू झाला. चौकीतून सुटले की परस्पर टेकडीवर जायचे, म्हणून दुपारचा डबा मीच घेऊन जायची. आमच्या लाइनीपासून चालत जाता येण्यासारखं होतं. शेवटचा चढ तेवढा दमवायचा.

पहिल्यांदा वर पोचले तेव्हा मी थबकलेच. मला वाटलं होतं, मोकळं मैदान असेल. भिंती, पत्रे, बांबू सगळं उचलून नेलं होतं, पण जोती जागच्या जागी होती. टेकडीच्या उतारावर एकाखाली एक, लहान लहान चौकोन. कुठे कोबा, कुठे शहाबादी फरशी, कुठे शेणाची जमीन. एका चौकोनात चुलीची काळी खूण, दुसऱ्यात मोरीचा उतार. एका उंबऱ्याच्या जागी रांगोळीचे ठिपके अजून पुसले गेले नव्हते. घरं उचलून नेली होती आणि राहणं तेवढं खाली उरलं होतं. वर लख्ख ऊन. पाखराचाही आवाज नाही.

हे पलीकडच्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते. डोक्यावर छत्री बांधलेली. मी सरळ त्यांच्याकडे निघाले.

"अगं ए!" हे ओरडले. "तिथून कुठे चाललीस? घरातून?"

मी जागीच थांबले. खाली पाहिलं. माझा एक पाय कुणाच्या तरी चुलीपाशी होता.

"बाहेर ये. त्या बाजूने वळसा घाल. तो बोळ आहे ना, तिथून."

बोळ म्हणजे दोन जोत्यांमधली हातभर मातीची पट्टी. मी वळसा घालून गेले. हे हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी गंभीरपणे डबा घेतला आणि विचारलं, "चटणी दिलीस का?"

जेवण होईपर्यंत मी बाजूच्या दगडावर बसले. परत निघाले आणि टेकडी उतरून रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की उतरताना मी एकाही घरातून आले नव्हते. बोळाबोळाने, वळणं घेत आले होते. एका ठिकाणी तर वाकलेसुद्धा होते. तिथे कुणाच्या तरी पत्र्याची कड खाली आलेली असावी. पण पत्रा तर आता नव्हता, आणि तो असताना मी ती वस्ती कधी पाहिलीही नव्हती.

ही गोष्ट मी ह्यांना सांगितली नाही. नवी नवरी होते, खुळी म्हणतील असं वाटलं.

असे दिवस जात राहिले. थंडी आली. मुंबईची थंडी ती केवढी, पण टेकडीवर वाऱ्याला धार असायची. ह्यांची खुर्ची हळूहळू वस्तीच्या आत सरकत होती. आधी टोकाला होती, मग पहिल्या बोळाच्या तोंडाशी आली, आणि पौषात मी गेले तेव्हा अगदी मध्यावर, नळाजवळ. तो वस्तीचा सार्वजनिक नळ. तोटी काढून नेली होती आणि पाइपाच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली होती.

"इथे का आणली खुर्ची?"

"इथून सगळ्यांवर नजर राहते."

"सगळ्यांवर म्हणजे?"

हे भाकरी मोडत राहिले.

त्याच दुपारी तो प्रकार झाला. तीनचा सुमार असेल. ऊन उतारावर पसरलं होतं. त्या नळाच्या पाइपातून खर्र असा घसा खाकरल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ लांबलचक सुस्कारा. माझ्या अंगावर काटा आला. हे मात्र शांतपणे उठले, डबा एका हातात धरला, आणि दुसऱ्या हाताने खुर्ची मागे ओढली.

"पाणी आलं," म्हणाले. "तू पण जरा सरक. रांग लागेल."

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांची नजर बोळाच्या तोंडापासून नळापर्यंत हळूहळू सरकत होती, जरा थांबायची, पुन्हा सरकायची. रांगेतल्या एकेकाला पाहावं तशी. मध्येच त्यांनी भुवया उंचावून मान हलवली, एखाद्याला "मध्ये घुसू नकोस" म्हणावं तशी. मग नजर खाली, लहान मुलाच्या उंचीवर आली आणि ते हसले. ओळखीचं, प्रेमाचं हसू.

मी त्यांच्या हातातला डबा तसाच, खरकटा, पिशवीत घातला आणि उतरले. मागे पाहायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी मामांना सांगितलं. ते म्हणाले, जमिनीखालच्या मोठ्या नळात पाणी सोडलं की बंद पाइपातली हवा बाहेर पडते, त्याचा आवाज. आवाजाचं कोडं सुटलं. "आणि बाकीचं?" मी विचारलं. मामा तंबाखू मळत बसले. म्हणाले, "उन्हात एकट्यान बसान माणूस कायव बघता." पण त्यांनी दुसऱ्या दिवशी रात्रीच्या शिपायाला गाठून विचारलंच. तो म्हणाला, मी तर चादर अंथरून खुशाल झोपतो, उंदीरही फिरकत नाही. म्हणजे रात्री तिथे काही नव्हतं. जे काय होतं ते दिवसा, लख्ख उन्हात, आणि आमच्या ह्यांच्याच वाट्याला.

त्या सुमारास ती बाई भेटली.

मी चढ चढून वर आले तर एका जोत्यावर एक बाई खराट्याने झाडत होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले. झाडून झालं, कचरा सुपात भरला, बाहेर टाकला, आणि मग उंबऱ्याच्या जागी पाय दुमडून बसली. हे समोरच खुर्चीवर होते. माणसं परत येऊ नयेत म्हणून बसवलेला पोलीस, आणि तिला काहीच बोलत नव्हता.

"तुम्ही साहेबांच्या मंडळी का?" तिने मला विचारलं. "या, बसा. इकडून या, दारातून."

मी दारातून गेले. हळूहळू ओळख झाली. ती जालन्याकडची. दुष्काळात सासरची सगळी माणसं मुंबईत आली, तेव्हा टेकडीवर झाड आणि दगड एवढंच होतं. नवरा खाणीवर दगड फोडायचा, छातीच्या आजाराने गेला. ती मुलुंडच्याच एका प्रसूतिगृहात आया होती. वस्ती मोडल्यावर गोवंडीला बहिणीकडे राहायला गेली होती आणि सुट्टीच्या दिवशी इतक्या लांब इथे यायची. झाडायला.

"आता कशाला झाडता?" मी विचारलं.

"पंधरा-सोळा वर्सं रोज झाडलंय बाई. हात गप बसत न्हाई. तिकडं बहिणीचं घर हाय, तिथं तिचा हात फिरतो." ती हसली. "साहेब काय म्हणत न्हाईत म्हणून येते."

मला ती आवडली. तिच्या सुट्टीच्या दिवशी मी डब्यात दोन भाकऱ्या जास्त घालू लागले. आम्ही दोघी त्या बिनभिंतींच्या घरात बसून जेवायचो आणि हे नळापाशी. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर काय वाटलं असतं, कोण जाणे.

एके दिवशी ती जेवता जेवता थांबली. ह्यांच्याकडे एकदा पाहून आवाज खाली आणत मला म्हणाली, "ताई, राग मानू नका. तुमच्या मालकांना इथून न्या."

"का हो?"

"मागच्या टायमाला मी आले तर ते ह्या दगडाकडं बघून बोलत होते. 'आजी, सावलीत बसा' म्हणत होते. हा दगड माझ्या सासूचा. ती हितंच बसून तांदूळ निवडायची. मी म्हटलं, आसंल, उन्हाचं काहीतरी आसंल. तर त्यांनी मला इचारलं, 'आजींना डाव्या कानानं ऐकू येत नाही का? उजवीकडून बोललं की वळतात.'" तिने पदराने तोंड पुसलं. "माझी सासू डाव्या कानानं बहिरी होती. वस्ती मोडायच्या दोन वर्सं आदी गेली ती. मी साहेबांसमोर तिचं कदी नावसुदीक घेतलं न्हाई."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. समोर तो दगड होता. बसून बसून गुळगुळीत झालेला, मध्ये किंचित खोलगट. त्यावर ऊन पडलं होतं.

घरी हे अगदी नेहमीसारखे असायचे. रेडिओ ऐकायचे, मासे आणायचे, कालवणात मीठ कमी पडलं तर सांगायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "टेकडीवर तुम्हाला कोणी दिसतं का?" तर म्हणाले, "दिसतं म्हणजे? ड्युटी आहे माझी. बघायलाच बसवलंय." त्यात वेड नव्हतं, भीतीही नव्हती. उलट इतके समाधानी मी त्यांना कुठल्याच ड्युटीवर पाहिलं नव्हतं. त्याचीच मला धास्ती वाटायची.

मार्च संपत आला तेव्हा मामा बातमी घेऊन आले. महापालिकेचं वर्ष मार्चअखेर संपतं. टेकडीच्या बंदोबस्तासाठी जी तरतूद होती ती संपली, नव्या वर्षात त्या कामाला पैसे धरलेले नाहीत. टाकीचं कामही लांबणीवर पडलं. तेव्हा पहारा उठवा, असं वॉर्ड ऑफिसने कळवलं होतं. त्याऐवजी काटेरी तार ओढून टाकली की झालं.

मी मनातल्या मनात हात जोडले. हे म्हणाले, "बरं झालं. चढ फार आहे." मला वाटलं, संपलं.

एप्रिलमध्ये ह्यांना यायला पुन्हा उशीर होऊ लागला. कुठलातरी दुसरा बंदोबस्त असेल म्हणून मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे अंगवळणी पडलं होतं. एके दिवशी मामाच म्हणाले, "वैनी, हो दुपारपासून खंय असता? चौकीतून तर येळेवर सुटता मां?"

दुपारपासून हे कुठे असतात ते मला तेवढ्यात कळलं. मी चपला घातल्या आणि निघाले.

तार ओढलेली होती. एका जागी ती वाकवून माणूस जाईल एवढी वाट केली होती. आत हे उभे होते. खुर्ची महापालिकेची होती, ती गेली होती. छत्री नाही. भर उन्हात, पूर्ण गणवेशात, टोपी नीट बसवलेली, नळाजवळ पाय जोडून उभे.

"अहो, काय करताय इथे?"

"ड्युटी."

"पहारा उठला ना? कोणाचा हुकूम आहे तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं म्हणाले, "हुकूम कशाला लागतो? पैसे संपले त्यांचे. माणसं कुठे संपलीत? माणसं आहेत तोवर पोलीस नको का?"

मला रडू फुटलं. ह्यांना कळेना मी का रडतेय. त्यांनी रुमाल काढून दिला आणि बोट दाखवलं, "त्या ओट्यावर बस जरा. तिथे सावली आहे." तिथे ओटा नव्हता. सावली नव्हती.

वर कळवलं असतं तर नोकरी धोक्यात आली असती. गणवेश घालून हुकमाशिवाय उभं राहणं म्हणजे काय ते मला मामांनी सांगितलं. त्यांनी आपल्या परीने उपायही केला. टेकडीच्या पायथ्याशी नारळ ठेवून मालवणी रीतीने गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या लेकराक मोकळा कर." मीही हात जोडून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी हे परत वर.

तेव्हा मला ती बाई आठवली. तार लागल्यापासून ती आली नव्हती. प्रसूतिगृह मला ठाऊक होतं. तिथे जाऊन तिला बाहेर बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी येते. तुम्ही बी या."

ती आली. हातात खराटा होता, सवयीने आणला असेल. आम्ही तारेखालून आत गेलो. हे उभे होते तसेच उभे. तिला पाहून त्यांनी ओळखीची मान हलवली.

"साहेब," ती म्हणाली, "जरा माझ्यासंगं फिरा."

ती त्यांना पहिल्या बोळात घेऊन गेली. मी मागून चालत होते. प्रत्येक जोत्यापाशी ती थांबायची आणि सांगायची. हे गवंड्याचं घर, तो बायकापोरं घेऊन कुर्ल्याला गेला, तिथं त्याला काम मिळालंय. हे दोघा भावांचं, ते गावाला परत गेले, शेती न्हाई पण घर हाय. ही विधवा पोरीकडं भांडुपला. ह्यांचं मला ठाऊक न्हाई, कोणालाच न्हाई, सामान डोक्यावर घेऊन खाली उतरले तेवढं बघितलं. हा म्हातारा तर वस्ती मोडायच्या आधीच वारला. असं एकेक करत, वरपासून खालपर्यंत. हे लक्ष देऊन ऐकत होते. मधूनच विचारायचे, "आणि त्यांचा धाकटा?" ती सांगायची. एकदा ती चकित होऊन त्यांच्याकडे पाहत राहिली, पण उत्तर दिलंच.

शेवटी आम्ही नळापाशी आलो.

"सगळे गेले म्हणताय," हे म्हणाले. "मग पाण्याला कोण येतं?"

वारा पडला होता. मला माझा श्वास ऐकू येत होता.

"ते मला ठाऊक न्हाई, साहेब," ती म्हणाली. "आमच्यातलं कोणी न्हाई, एवढं सांगते. पण मला सांगा, तुम्हाला हितं कशाला उभं केलं होतं?"

"बंदोबस्ताला."

"कोणाच्या? आम्ही परत येऊ नये म्हणूनच ना?"

ह्यांनी नळातल्या खुंटीकडे पाहिलं.

"मी समद्यांच्या वतीनं सांगते. आम्ही येत न्हाई. मी बी येणार न्हाई, झाडायला बी न्हाई. आता सांगा, तुमचं काम काय राहिलं?"

हे बोलताना तिचा खराट्यावरचा हात आवळला होता. तिला त्या शब्दांची काय किंमत पडत होती, ते मला दिसत होतं. माझ्या नवऱ्याला सोडवायला ती स्वतःचं घर दुसऱ्यांदा सोडत होती, आणि तेही ज्या माणसाला तिला अडवायला ठेवलं होतं त्याच्यासाठी.

ह्यांनी टोपी काढली. कपाळावर लाल वळ उठला होता. कितीतरी वेळ ते टोपीच्या आत पाहत राहिले. मग म्हणाले, "काही नाही. काही काम नाही राहिलं." आणि एकदम थकल्यासारखे खाली बसले, मातीतच. तिने जवळच्या बाटलीतलं पाणी दिलं, ते त्यांनी घटाघटा पिऊन टाकलं.

आम्ही तिघं उतरायला लागलो. चढाच्या मध्यावर आलो तेव्हा वरून तो आवाज आला. पाइपाचं खाकरणं, मग सुस्कारा. आणि त्यामागे, शपथेवर सांगते, भांड्यावर भांडं आदळल्याचा आवाज. मी ऐकला. तिने ऐकला, कारण तिने माझं मनगट धरलं. हे पुढे चालत होते. मागे न बघता एवढंच म्हणाले, "पायाखाली बघा, दगड सुटे आहेत."

त्यानंतर ते टेकडीवर गेले नाहीत. मी महिनाभर दुपारी चौकीच्या समोरच्या फुटपाथवर कुठल्या ना कुठल्या निमित्ताने उभी राहायची. सुटले की सरळ घराकडे वळायचे. जादा तासांचे पैसे फार उशिराने आले, आणि जे तास कोणीच मागितले नव्हते त्यांचं कोणाला कळलंही नाही.

वर्षभराने त्या बाईला गोवंडीतच स्वतःची खोली मिळाली. आम्ही भेटायला गेलो. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचा वास खोलीत येत होता, तरी तिने जमीन आरशासारखी ठेवली होती. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता. हे चहा पिता पिता फोटोकडे पाहत राहिले. मी आणि ती, दोघींनीही श्वास रोखला.

"ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

"सासू माझी," ती म्हणाली.

"बरं," हे म्हणाले, आणि बशीत चहा ओतला. चेहऱ्यावर ओळखीची रेघही नव्हती. आजींना त्यांनी पाहिलंच नव्हतं, कधीच; मग त्या दगडावर कोण बसत होतं? आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि ती बिस्किटं आणायला उठली.

पुढे बदली होऊन आम्ही बोरिवलीला गेलो. तिथेही एकदा महापालिकेने एका मोकळ्या प्लॉटवर पहारा मागितला आणि यादीत ह्यांचं नाव लागलं. मी बदलून मागा म्हणून गयावया केली. ते म्हणाले, "असं बदलून मिळत नाही गं." पहिल्या दिवशी मी दारातच बसून होते. दिवे लागले तेव्हा हे कोपऱ्यावरून येताना दिसले. गणवेश खिळ्याला लावला, हातपाय धुतले.

"कसं आहे तिथे?" मी विचारलं.

"डास फार आहेत," म्हणाले, आणि पाट ओढून जेवायला बसले.